सगळ्यांचं एकच खातं

चूक माझी होती, आणि ती मी भाषण ठोकून केली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको.

डहाणूकडच्या चिकूवाड्यांत फवारणी झाली की दुसऱ्याच सकाळी बायकांना फळं तोडायला उतरवतात. हातांना फोड येतात, डोळे सुजतात. पाड्यापाड्यांवर जाऊन मी त्यांचे जबाब घेत होते. लिहून घ्यायला आमच्या शेतमजूर संघटनेकडे हातात मावेल एवढा संगणक होता, लिनक्सवर चालणारा, खाली बारक्या बटणांचा कीबोर्ड. शहरातल्या एका इंजिनिअरने दिलेला. सरकारकडे तक्रार नावांशिवाय जाणार होती, पण उद्या चौकशी लागली तर साक्षीदार कोण हे आम्हाला माहीत हवं, म्हणून नावं आत होती.

इंजिनिअर म्हणाला, "प्रत्येकाचं वेगळं खातं करा, वेगळा पासवर्ड. आणि सगळे अधिकार असलेलं रूट खातं एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा."

मी उसळले. "म्हणजे यातही एक मालक आणि बाकीचे गडी? आमच्याकडे असलं चालत नाही, दादा!"

बाकीच्या सहा कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो हसला. "ताई, याला तुमची समता कळत नाही हो. दार कुणी उघडलं तेवढंच कळतं."

तरी एकच खातं केलं, 'संघटना' नावाचं. पासवर्ड कुणी विसरू नये म्हणून आमची घोषणाच ठेवली, इंग्रजी अक्षरांत, सलग. चारोटीपासून तलासरीपर्यंत दिसेल त्या कठड्यावर गेरूने लिहिलेली घोषणा. निम्म्या ठिकाणी अक्षर माझंच आहे.

गंजाडजवळच्या एका पाड्यावरची मावशी बोलायला तयार होत नव्हती. घरचा भात संपला की उरलेलं वर्ष वाडीच्या मजुरीवर, आणि मुकादम सकाळी ज्या बाईला जीपमध्ये घेईल तिलाच त्या दिवशी काम. तिसऱ्या खेपेला तिने सालपटं निघालेले हात पुढे केले.

"लिही. पण माझं नाव बाहेर गेलं तर जीप बंद, पोरी."

"मावशी, याला पासवर्ड आहे. म्हणजे कुलूप."

"चावी कोणाकडे?"

"आपल्या सगळ्यांकडे," मी अभिमानाने म्हणाले.

तिने हात परत पदराखाली घेतले, मग सांगायला लागली. तिला शंका आली होती. मला आली नाही.

तलासरीच्या मोर्चाच्या दिवशी संगणकाची बॅटरी उतरली होती. आमची पत्रकं जिथे झेरॉक्स होतात त्या कासा बाजारातल्या दुकानात तो चार्जिंगला लावला आणि आम्ही सगळे मोर्चाला गेलो. संध्याकाळी परत घेतला.

चौथ्या दिवशी मुकादमाने मावशीला जीपमधून उतरवलं, सगळ्या बायकांसमोर. "हाताला फोड येतात ना तुझ्या? मग घरी आराम कर, राणीसाहेब. मुकादम नाकाला रुमाल बांधून लांब उभा राहतो, नाही का?" हे रुमालाचं वाक्य तिचंच होतं, शब्दाला शब्द. माझ्याशिवाय कुणाजवळ ती ते बोलली नव्हती.

कोण कधी आत आलं याची नोंद संगणक ठेवतो. मी ती उघडली. मोर्चाच्या दिवशी भर दुपारी कुणीतरी आत शिरलं होतं, पहिल्याच प्रयत्नात, एकही अक्षर न चुकता. नाव: संघटना. म्हणजे आम्हीच! दुकानात मुकादमाचं कुणी आलं होतं, की आमच्यातल्याच कुणी तोंड उघडलं? सातही जण एकमेकांकडे बघत बसलो. ते अजून ठरलेलं नाही, आणि ठरणारही नाही. वेगळी खाती असती तर निदान कुणाच्या नावाने दार उघडलं ते तरी कळलं असतं.

आता प्रत्येकाचं खातं वेगळं आहे, पासवर्ड लांबलचक आहेत. इंजिनिअरने फोनवर सगळं समजावून सांगितलं. एकही टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

मावशीकडे गेले. "आपण मुकादमाविरुद्ध..." मी सुरू केलं. तिने मधेच तोडलं.

"त्या डब्यात तुझं नाव होतं?"

"नाही."

"माझं काढ."

तिच्यासमोर तिचा जबाब पुसला. आमच्याकडचा सगळ्यात भक्कम जबाब. दारात उभ्या असलेल्या दोघी शेजारणींनी त्यांचेही पुसायला लावले. मुकादमाला जे हवं होतं ते मी माझ्या बोटांनी करून दिलं.

"गेलं?" मावशीने विचारलं. "मग आता त्याला सांग, मी काही बोललेच नव्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मावशीला घेऊन जीपपाशी उभी राहिले आणि मुकादमाला सांगितलं, मावशी काही बोलली नव्हती, सगळं मीच रचलं.

मुकादम खूश झाला. "असं तोंडी नको, ताई. लेखी द्या. लिहायची सवय आहे ना तुम्हाला?"

बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं. खाली पूर्ण नावाने सही केली. त्याने ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि मावशीकडे हात करून जीपमधल्या बायकांना म्हणाला, "सरका गं जरा, हिला बसू द्या."