घाटातला आवाज आज मोबाइल गेमच्या फायनलला

राव, आज दुपारी एका माणसाचा माज उतरवला.

मी महाळुंग्याचा, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैल पळतात त्या धावपट्टीवर, माईक धरून कॉमेंट्री शिकलेला. गेल्या वर्षी आकुर्डीत मोबाइल गेमच्या स्पर्धेसाठी ऑडिशन द्यायला गेलो. आयोजकानं माझी दोनच वाक्यं ऐकली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, हा बैलगाड्याचा घाट आहे का?" तिथं खेळायला आलेली पोरं खो-खो हसली.

आज त्याचाच फोन. त्याचा ठरलेला कॉमेंटेटर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, फायनल तासाभरावर. "भाऊ, प्लीज या."

म्हटलं, "येतो. पण स्टेजवरून तुम्ही स्वतः पुकारायचं, घाटातला कॉमेंटेटर आलाय म्हणून."

पुकारलं त्यानं! वर फायनलला त्याचीच टीम होती. तिचा एकेक गडी पडला की मी घाटातल्या सुरात ओरडायचो, "ह्यो बी गेला! हाय का कुणी मागं? न्हाई!" पोरांनी हॉल डोक्यावर घेतला.

टीम हरली. तो म्हणाला, "पुढच्या स्पर्धेला तुम्हीच या."

म्हटलं, "बघू. आधी इथंच, सगळ्यांसमोर, माझ्यासारखी दोन वाक्यं बोलून दाखवा."

मंडळी, तुम्ही असता तर सोडलं असतं? मी न्हाई सोडलं. त्याला एक वाक्यही जमलं नाही, आणि हसायला पोरं तीच होती.