बदली पैलवान

बदली पैलवानाची पिशवी मी कधीही रिकामी पाहिली नाही. तो जिथे जिथे राहिला तिथे तिथे त्याची ती निळी पिशवी खुंटीला टांगलेली असे, आणि भरलेलीच असे. लंगोट, पंचा, तेलाची बाटली, बदामाचा स्टीलचा डबा. बदनापूरच्या तालमीत प्रत्येक पैलवानाला एक कपाट होतं. याच्या कपाटात खाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर काहीही नव्हतं. लागेल ती वस्तू तो पिशवीतून काढायचा, वापरायचा आणि परत पिशवीतच ठेवायचा. मी एकदा म्हणालो, "अरे, दिलंय तर वापर की ते कपाट." तर म्हणाला, "सर, इथं काही खरं न्हाई."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. नाव सुदाम, गाव वाटूरजवळचं एक खेडं. मी बदनापूरला एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो आणि सुट्टीच्या दिवशी जत्रांमधल्या कुस्त्यांच्या मैदानात माईकवरून पैलवानांची नावं पुकारायचो. आवाज मोठा, लाज कमी, एवढ्या भांडवलावर मी निवेदक झालो होतो. 'बदली पैलवान' हे नाव मीच त्याला दिलं. आमच्या ऑफिसात बदलीची ऑर्डर आली की माणसं साहेबांच्या घरी चकरा मारतात, देवाला नारळ बोलतात. हा गडी स्वतःच्या बदल्या स्वतःच करून घ्यायचा, आणि दर वेळी हसत हसत.

पहिली बदली त्याने रागात केली. गावात नाना वस्तादांची पत्र्याची तालीम होती. तिथेच तो घडला. विसाव्या वर्षी त्याने वस्तादांकडे एकच गोष्ट मागितली: गावच्या जत्रेत एक नंबरची, म्हणजे सगळ्यात शेवटची कुस्ती. ती कुस्ती लागते तेव्हा मैदानात दुसरी जोड नसते, हलगी फक्त त्या दोघांसाठी वाजते, आणि आकाशपाळण्यात बसलेली माणसंही उतरून येतात. वस्ताद म्हणाले, "आजून कच्चा हाइस. दोन वर्षं थांब." याला दोन दिवस थांबवत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पिशवी उचलून तो अंकुशनगरला गेला. जाताना सांगून गेला की मोठा होऊन येतो आणि एक नंबरलाच लढतो.

आणि मोठा झाला, हे कबूल केलं पाहिजे. अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याची वसाहत. हंगामात मैदान भरलं की कामगार, ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीची माणसं, सगळे कडेला दाटीवाटीने उभे. नवा पैलवान आला म्हणून त्याचा फोटो असलेला फ्लेक्स लागला, त्यात तो दंड फुगवून भलत्याच दिशेला बघत होता. पहिल्या वर्षी त्याने ओळीने कुस्त्या मारल्या. मी नुसतं 'अंकुशनगरचा' म्हटलं की पुढचं नाव लोकच पूर्ण करायचे. तो खुशीत असायचा, पण पिशवी खुंटीवरच. पुढल्या वर्षी तिथे त्याच्याहून तरणा एक जण आला, फ्लेक्सवरचा चेहरा बदलला आणि याच्या पायाला पुन्हा खाज सुटली.

तिथून तो बदनापूरला आला, तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण त्यात माझा दोष आहे. अंबडकडच्या एका मैदानात त्याची कुस्ती होती. माझ्या हातातली यादी जुनी. त्याने तालीम बदलून आठच दिवस झाले होते आणि मला पत्ता नाही. सुदामने समोरच्याला खाली घेतलं होतं, कमरेला घट्ट कब्जा, आता फक्त उलटायचा बाकी. मी रंगात येऊन ओरडतोय, "बघा अंकुशनगरची ताकद! अंकुशनगरचा सुदाम!" तर या महाभागाने कब्ज्यातला एक हात सोडला, माझ्याकडे वर केला आणि ओरडला, "सर! बदनापूर! बदनापूर म्हणा!"

समोरच्याला तेवढा एक हात पुरला. पुढच्या क्षणी सुदाम आभाळाकडे बघत पडला होता आणि सगळं मैदान हसत होतं. पाठीला माती घेऊन तो सरळ माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, आता आपल्या कानाखाली बसते. तर म्हणाला, "तुमची काही चुकी न्हाई सर, मीच कळवलं न्हवतं. पण आता बराबर लिहून घ्या." मी त्याच्यासमोर जुनं खोडून नवं लिहिलं. त्याने वाकून वाचलं आणि मगच अंग धुवायला गेला.

तेव्हापासून त्याला सवयच लागली. मी पुकारायला लागलो की मान माझ्याकडे, आणि उजवा हात अर्धा वर, चुकलो तर दुरुस्ती करायला तयार. मला त्याचा राग यायचा. कुस्ती समोर असते, माईकमध्ये नसते, हे मी त्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, "सर, कुस्ती मैदानातल्या माणसाला दिसती. नाव लांबवर जातं." यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट त्याला उमगली नाही आणि मलाही उशिरा उमगली. लोक पैलवानासाठी ओरडतात असं आपल्याला वाटतं, पण ते आपल्या तालमीसाठी, आपल्या गावासाठी ओरडत असतात. तालीम बदलली की पैलवान पिशवी घेऊन निघतो, ओरडणारे तिथेच राहतात. नव्या ठिकाणी फोटो मोठा लागतो, टाळ्या मात्र पहिल्यापासून मिळवाव्या लागतात.

बदनापूरनंतर जालना. तिथे एका पुढाऱ्याच्या तालमीत त्याला बसायला गाडी मिळाली, गळ्यात हार पडले, आणि वर्षाच्या आत गाडी दुसऱ्याला मिळाली. मग मॅटवरच्या एका मोठ्या स्पर्धेत, जिथे कंपन्यांचे संघ असतात आणि दिव्यांच्या झोतात कुस्ती होते, तिथे तो निवडला गेला. मला मोबाइलवर त्याने त्याची चित्रफीत दाखवली. पिवळी जर्सी, धूर सोडलेला, आणि हिंदीतला निवेदक ओरडतोय, "जालना का शेर!" मी विचारलं, "आणि नाव?" तो म्हणाला, "नाव न्हाई घेत सर तिथं. शेर म्हणत्यात." मग म्हणाला, "माझ्या आदी एक शेर होता, तो बी जालन्याचाच म्हणून सांगत होते. तो भिवानीचा निघाला, हरयाणाचा." पूर्ण हंगाम तो राखीव बाकावर बसला. परत आला तेव्हा मातीवरचा त्याचा पाय जड झाला होता आणि जिल्ह्यातली नवी पोरं त्याला ओळखत नव्हती.

वय बत्तीस. तरी डोक्यातून ते एक जात नव्हतं. "सर, गावात एक नंबरची एकदा लागू द्या, मंग बिलकुल थांबतो." त्याने इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्याच्या गावच्या पंचांनी मनावर घेतलं. कसाही असला तरी गावचा गडी. पण जोड कोणाशी लावायची? कुस्तीत एक रीत आहे: एका वस्तादाचे पठ्ठे मैदानात एकमेकांसमोर येत नाहीत. ते गुरुबंधू. आणि या बहाद्दराने तालमी बदलून बदलून अर्धा जिल्हा गुरुबंधू करून ठेवला होता! अंकुशनगरचा पैलवान म्हणाला, आम्ही एका ताटात जेवलो. बदनापूरचा म्हणाला, मला डाव त्यानेच शिकवले. जालन्याच्याने कानाला हात लावला. परभणीकडचा एक जण ठरला, तर जत्रेच्या दोन दिवस आधी त्याचा गुडघा गेला. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

तोलामोलाचा एकच गडी उरला. बालाजी, नाना वस्तादांचा आताचा हुकमी पठ्ठा. म्हणजे पुन्हा तीच अडचण. पंच म्हणाले, वस्तादांनी माईकवर येऊन सांगावं की सुदाम माझ्या तालमीचा नाही, मग कोणाची हरकत नाही. सगळ्यांना वाटलं, हे तर सोपं. बारा वर्षांपूर्वी तोंडावर पाय आपटून गेलेला पोरगा. त्याला नाही म्हणायला वस्तादांना कितीसा वेळ लागणार?

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तालमीत गेलो. वस्ताद हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, उतरून ताक आणि हळद कालवत होते. सत्तरी ओलांडलेली, कंबर धरलेली. सुदामला बघून त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले, "खोरं घे." आणि हा गडी चपला काढून हौद्यात उतरला, खोरं घेतलं आणि माती ओढायला लागला. बोलणं ते तसंच, माती ओढता ओढता झालं.

"वस्ताद, एक शब्द पायजे तुमचा."

"बोल."

"उद्या माईकवर म्हणा, हा माझ्या तालमीचा न्हाई. बस. मंग बालाजीसंग जोड लागती. एक नंबरची."

वस्तादांनी ताकाचं भांडं रिकामं केलं, बाजूला ठेवलं. "ते न्हाई व्हायचं माझ्यानं."

"मी तुमाला सोडून गेल्तो वस्ताद. बारा वर्षं झाली. तुमचं नाव बी कुठं घेतलं न्हाई."

"तू गेल्तास," वस्ताद म्हणाले. "मी कुठं गेल्तो?"

सुदामचं खोरं थांबलं. चेहरा लाल झाला आणि तो असा ओरडला की पत्रा घुमला. "तवा बी तुमीच लढू दिलं न्हाई, अन् आता बी तुमीच!" वस्तादांनी मान वर केली नाही. हाताने एक ढेकूळ फोडत म्हणाले, "खालची माती वर काढ. वरचीच उकरून राह्यलास."  सुदामने खोरं खोल घातलं. सबंध हौदा उकरून होईपर्यंत तो बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी बालाजीची शेवटची कुस्ती सेलूच्या एका तरण्या पैलवानाशी लागली; त्याचा वस्ताद बत्तिशीच्या सुदामशी जोड लावायला तयार नव्हता. तिच्याआधी गावच्या जुन्या पैलवानांना फेटे बांधायचे होते. पंचांनी चिठ्ठी दिली, तिच्यावर नुसतं 'सुदाम'. तालमीची जागा कोरी. मी मैदानाकडे पाहिलं. तो तिथे उभा, मान माझ्याकडे. माझ्या तोंडात चार तालमींची नावं आली. मी श्वास घेतला आणि म्हणालो, "नाना वस्तादांचा पठ्ठा, सुदाम!" आणि त्याचा हात वर यायची वाट बघितली.

हात आला नाही. त्याने मान खाली घालून फेटा बांधून घेतला. टाळ्या पडल्या, फार नाही, बेताच्या. पुढे बालाजीने कुस्ती मारली, तेव्हा त्याला खांद्यावर घ्यायला सगळ्यात आधी सुदाम धावला. शेवटच्या कुस्तीची हलगी वाजत होती आणि तो बालाजीला घेऊन मैदानाला फेरी मारत होता. लोक वर बघत होते. मी खाली, सुदामकडे बघत होतो. मी माईक पंचांच्या हातात दिला.

मला वाटलं होतं, आता हा थांबेल. वस्तादांना हाताखाली माणूस हवाच होता. आठ दिवसांनी बदनापूरच्या स्टेशनवर भेटला, खांद्याला तीच पिशवी. नाशिककडे कुठल्याशा शाळेत पोरांना कुस्ती शिकवायला निघाला होता. मी भांडलोच त्याच्याशी. तो गाडी येण्याच्या दिशेने बघत म्हणाला, "माझा जीव एका जागी लागत न्हाई सर. तिथं बी काही खरं न्हाई, मला ठावं हाय." गाडी आली, चढला. त्यानंतर त्याने दोन शाळा बदलल्या असं ऐकतो. फोन नंबरही बदलतो, त्यामुळे माझ्याकडे असलेला लागत नाही.

मी अजून जत्रेला जातो. मैदान सुरू व्हायच्या आधी प्रत्येक वस्ताद आपापल्या पैलवानांची यादी माझ्या टेबलावर पाठवतो. नाना वस्तादांच्या यादीत पहिलं नाव सुदामचं असतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, वयामुळे चुकून लिहिलं असेल, आणि मी ते गाळून दुसऱ्या नावापासून वाचलं. वस्ताद काठी टेकत टेबलापर्यंत आले.

"पहिलं का सोडलं?"

"वस्ताद, तो आलेला नाही."

"मी कुठं म्हणलं आला म्हणून? वाच."

तेव्हापासून दर वर्षी मी वाचतो. "नाना वस्तादांचा पठ्ठा, सुदाम!" हलगीवाला टिपरू उचलून थांबतो. मैदानात कोणी उभं राहत नाही. मी वस्तादांकडे बघतो, ते मान हलवतात, आणि मी दुसरं नाव घेतो.