कोंड्यावर चालणारं इंजिन

फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर रचलेल्या कथा, वाचल्या की माझं डोकं फिरतं. माझ्या लाडक्या व्हिडिओ गेममधली इंजिनियर बाई एका बर्फाळ ग्रहावर एकटी राहते आणि चुकूनही कुणाशी गोड बोलत नाही. तिच्या यानाचं इंजिन थंडीवर चालतं, ऊब लागली की बंद पडतं. म्हणून तर तिला घरी परतता येत नाही, घर उबदार आहे ना! आणि नेटवरचे हौशी लेखक तिला काय करायला लावतात? शेकोटीपाशी बसून प्रेमगीत गायला. शेकोटी, तीही इंजिनाला खेटून! अशा कथांखाली मी लांबलचक भांडणं करून ठेवली आहेत.

हा गेम मी एकटी नाही शिकले. काकाजींची मुलगी आणि मी, एकच कीबोर्ड, एक डावीकडून, एक उजवीकडून. मग तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, कोहमाऱ्याला ढाबा असलेल्या मुलाशी, आणि काकाजी रागाच्या भरात बोलून गेले, "या घरात पाय ठेवू नोको." तेव्हापासून ती मंडईलाही आली नाही. दिवाळीनंतर आमच्या गावात मंडईची जत्रा भरते तेव्हा सासरी गेलेल्या लेकी, जावई, पाहुणे झाडून सगळे येतात आणि नाटक होतं. तिची जागा तेवढी रिकामी. काकाजींचा राग केव्हाच विरला होता, पण फोन करायला जीभ रेटत नव्हती. मला तर ती फार हवी होती.

यंदाचं नाटक काकाजींनीच लिहायला घेतलं. धानकापणीतून वेळ काढून ते माझ्या पाठीमागे बसून गेम बघायचे, हे काय, ते काय विचारायचे. मला वाटायचं, बिचारे शिकताहेत. ओसरीवरच्या पहिल्या तालमीत मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी नेटवर भांडत बसले आणि तसला लेखक घरातच निघाला. माझी इंजिनियर बाई ढसाढसा रडत होती, गात होती, आणि तिचं इंजिन चक्क धानाच्या कोंड्यावर चालत होतं.

"काकाजी, कोंडा कायले?"

"राईस मिलचा बॉयलर चालते कोंड्यावर, मंग हे काऊन नाही चालणार? आपल्याकडं कोंड्याची कमी आहे का?"

"पन ते थंडीवर चालते! ऊब लागली तं बंद पडते. म्हणून तं ती घरी येऊ शकत नाही."

"म्हणून तं थंडी काढून टाकली," काकाजी म्हणाले. "लेक घरी येत नाही, असं नाटक मंडईले कराचं का?"

एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी नाही घातला. तालमीचा व्हिडिओ मी काढतच होते, त्यात काकाजींचं हे बोलणंही आलं होतं; तो मी गुपचूप तिला कोहमाऱ्याला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. मला वाटलं होतं, बाप काय म्हणतोय ते ऐकून ती रडेल. कसलं काय! बाईसाहेब पेटल्या होत्या.

"कोंडा? बाबाले अक्कल आहे का? आन ते गानं कायचं? ती कधी गाते का? येऊन राहिली मी मंडईले. समोर बसून सांगाचं आहे मले."

मी धावत अंगणात गेले. काकाजी विळ्याला धार लावत होते. मी मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांचा हात थांबला.

"येते म्हणते?"

"भांडाले येते. म्हणून म्हणते, कोंडा काढून टाका."

काकाजींनी विळा बाजूला ठेवला, गमछ्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

"कोंडा राहू दे," ते म्हणाले. "आन अजून दोन गाणे टाकतो. भांडण एका दिवसात सरलं नाही पाहिजे."