टाकीत भरलेला धूर

बोटींचे तळ घासणारा पाणबुड्या श्वासाच्या टाक्या घरीच कॉम्प्रेसरने भरायचा. ताजी हवा मिळावी म्हणून हवा ओढणारा पाइप त्याने खिडकीबाहेर सोडलेला.

त्या दिवशी त्यातलीच टाकी लावून कामाला उतरलेला मेहुणा पाण्यातून डोकं धरूनच वर आला. "दाजी, गरगरतंय."

"नाटकं पुरे, कामचुकार," म्हणत पाणबुड्याने त्याला परत खाली पाठवलं. दुसऱ्यांदा त्याला बेशुद्धच बाहेर काढावं लागलं.

घरी येऊन याने उरलेली टाकी उघडून हुंगली. धुराचा वास! खिडकीखाली त्याचीच स्कूटर उभी होती. त्या सकाळी टाक्या भरेपर्यंत त्याने ती तिथंच चालू करून गरम करत ठेवली होती.

हॉस्पिटलमध्ये बायको भावाच्या उशाशी बसली होती.

"दाजी, खरंच नाटक नव्हतं हो," मेहुणा पुटपुटला.

"माहितीये रे," तो बायकोची नजर चुकवत म्हणाला, "धूर मीच भरला होता."