माहेरची ऐपत

मला राग लवकर येतो. सासरी नांदेडात सगळे म्हणायचे, लातूरची मिरची आणलीय घरात. असू दे. त्या वर्षी अंगात राग होता म्हणून उभी राहिले, नाहीतर कधीच आडवी झाले असते.

नवरा अमेरिकेत होता. थोरल्या दिरानं त्याला तिकडं बोलावून घेतलं तेव्हा मी पोटुशी होते. मुलगी झाली, रांगली, चालायला लागली, चुरूचुरू बोलायला लागली, तरी बाप तिला ठाऊक होता तो भिंतीवरच्या फोटोतला. जेवताना ती फोटोपुढं घास धरायची. सासूबाई म्हणायच्या, "काय करून राहिली ही पोरगी, फोटो कुठं जेवत असतो का?" आणि माझ्याकडं बघून उसासा टाकायच्या. त्या उसाशात काय असायचं ते मला कळायचं. गल्लीतल्या बायका तर नळावर माझ्या तोंडावर म्हणायच्या, "टाकली वाटतं तिला." नळाला पाणी नसायचं, पण बोलायला तोंडं असायची.

त्यानं मात्र टाकलं नव्हतं. आमचा व्हिसाचा अर्ज केला होता, कागद येत-जात होते. शेवटी मुंबईच्या वकिलातीतून बोलावणं आलं. मुलीला नवा फ्रॉक घालून मी गेले, आणि काचेपलीकडच्या गोऱ्या साहेबानं शेजारच्या दुभाषी बाईकडून मला सांगितलं, "तुमच्या पतीचा पगार आणखी दोन माणसं पोसायला पुरेसा नाही. तुम्ही आमच्या सरकारवर भार होणार नाही, हे दाखवावं लागेल. घरच्यांची ऐपत असेल तर तसा सरकारी दाखला आणा. पुढच्या तारखेला आणला नाहीत तर अर्ज बंद होईल."

भार! पहाटे उठून टँकरपुढं हंडे लावणारी मी, दहा माणसांच्या भाकरी थापणारी मी, आणि मी भार? तोंडावर आलं होतं, पण गिळलं. अर्ज बंद म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा वर्षं. तोवर पोरगी शाळेत जाईल आणि फोटोतला माणूस म्हातारा होईल.

सासऱ्यांनी हात वर केले. त्यांच्या भावाभावांत वाटण्या झाल्या नव्हत्या. "कोणतं माझं अन् कोणतं त्याचं, मलाच ठाऊक न्हाई, सही कशावर करू?" म्हणाले. खोटं नव्हतं ते. मग उरलं माहेर. मुलीला काखोटीला मारलं आणि लातूरची एसटी धरली.

आमचे आप्पा आडते होते. खेड्यातला शेतकरी ज्वारी, तूर घेऊन आडत बाजारात यायचा, आप्पांच्या दुकानी उतरायचा, आप्पा माल विकून द्यायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरी टोपी. आमच्या लिंगायताच्या गल्लीत आप्पांच्या शब्दाला वजन होतं. एवढ्या माणसाला ऐपतीचा दाखला मिळायला काय लागतं, असं मला वाटलं. लहानपणी बघितलेलं घर डोळ्यापुढं होतं. मांडणीवर ओळीनं चकाकणारी तांब्या-पितळेची भांडी, आईच्या, आमच्या अव्वाच्या, हातात पाटल्या, दारात देवणी बैलांची जोडी.

घरी गेले तर मांडणी रिकामी. अव्वा म्हणाली, "पाणी कुठं हाय भरायला? मोठी भांडी माळ्यावर चढवून ठेवलीत." हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. "गल्लीत चोऱ्या व्हायल्यात गं. ठेवलंय आत." बैल? "देवणी गावच्या पाहुण्याकडं धाडलेत. तिकडं कडबा हाय." दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पटलं मला. लेकीला माहेरचं सगळं पटतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरीच्या पाटीचा रंग ओला होता म्हणा ना. साहेब नवे, टेबलं नवी, आणि जुनं दप्तर अजून उस्मानाबादेहून पोत्यांत बांधून येतच होतं. आमचं कोणतं पोतं, कुणाला पत्ता नाही. कारकून म्हणाला, "जुनं काही सापडत नाही बाई. गिरदावर साहेब घरी येऊन चौकशी करतील, पंचांना विचारतील, ते लिहितील तेच खरं." गिरदावर म्हणजे तलाठ्याच्या वरचा साहेब. कधी येतील? "येतील की." सरकारी काम अन् सहा महिने थांब. मी रोज जाऊन त्या कारकुनापुढं बसायची. पोरगी त्याच्या टेबलाखाली खेळायची. शेवटी तो मला बघितलं की चहाला पळायचा.

आणि एक दिवस मी कचेरीत बसलेली असताना गिरदावर आमच्या घरी जाऊन आला.

मी परत आले तर अव्वा दारातच हसत उभी. मला म्हणते, "आला होता कुणीतरी जीपमधून. वसुलीचा असंल. एक भांडं दिसू दिलं न्हाई बघ त्याला! सगळं काकूकडं नेऊन ठेवलं." शेजारची काकू पदरानं वारा घेत तिथंच बसली होती. ती म्हणाली, "मी बी सांगितलं त्याला. काही न्हाई हो साहेब या घरात, लेकराची शपथ, दोन वेळची चूल पेटली तरी देवाची दया." समोरच्या किराणावाल्यानं पंच म्हणून सही ठोकली होती. त्याच्या पलीकडच्या शिंप्यानंही.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडं ही रीतच. सरकारी माणूस दारात आला की गल्ली एक होते आणि एका तोंडानं सांगते, काही न्हाई. तगाईच्या कर्जाची वसुली असो, सारा असो, काही असो. पण हा माणूस न्यायला नव्हता आला, द्यायला आला होता! मी गल्लीत उभी राहून किंचाळले. काकूला म्हणाले, "तुमच्या जिभेला काही हाड? माझ्या लेकराचा बाप तोडला तुम्ही!" काकू एरवी एकाला दहा सुनावणारी बाई, पण त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. अव्वा मला आत ओढत होती आणि मी उंबऱ्याला धरून रडत होते.

आप्पा दुकानातून आले. त्यांना म्हणाले, "तुम्ही जा आणि सांगा, आमच्याकडं आहे म्हणून." आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आपल्या तोंडानं आपलं हाय म्हणू नये, बाय. सगळं त्याचं असतंय, वरच्याचं."

"त्याचं असेल तर त्यानं यावं कचेरीत!" मी म्हणाले. बापाला असं बोलले. पण तारीख जवळ आली होती आणि माझ्यापुढं दुसरं दार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा गेले. टोपी हातात घेऊन त्या कारकुनापुढं उभे राहिले. ज्यांना बाजारात लोक उठून, हात जोडून शरणार्थ म्हणायचे, ते आप्पा. म्हणाले, "साहेब, गैरसमज झालाय. हाय आमच्याकडं. पुन्हा एकदा येऊन बघावं." हे एवढं बोलताना त्यांच्या मानेवर घाम आलेला मी मागून बघत होते. सोमवारी पुन्हा चौकशी ठरली.

मग गल्लीला खरं काय ते कळलं. किराणावाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आगं, लेकीच्या जाण्यासाठी व्हय! आधी सांगायचं की!" आणि सोमवारी सकाळपासून आमच्या घरात जत्रा सुरू झाली. आडत बाजारातून ज्वारीची पोती आली, ओसरीत थप्पी लागली. शिंप्यानं शिलाई मशीन आणून ठेवलं. कुणी लोखंडी कपाट चौघांनी उचलून आणलं, कुणी टेबलफॅन आणला, तो लावायला घरात वीज होती का हेही बघितलं नाही. किराणावाल्याच्या मेव्हण्याची बैलजोडी दारात बांधली. आणि सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता, काकू आली. डोक्यावर हंडे, काखेत घागरी, कमरेला पाटल्यांची पुरचुंडी. तिनं भांडी मांडणीवर लावली, अगदी लहानपणी बघितली होती त्याच ओळीनं. पाटल्या अव्वाच्या हातात चढवल्या. मला वाटलं, चला, आपलं आपल्या घरी आलं. तिची माफी मागावी असं मनात आलं, पण राग अजून उतरला नव्हता.

गिरदावर आला. जाडजूड, घामाघूम. पोती बघितली, मांडणी बघितली, कपाटावर टिचकी मारली. बैलाच्या वशिंडावर थाप दिली तर बैल दावं ताणून आपल्या मालकाच्या घराकडं ओढ घ्यायला लागला, त्याची वैरणीची वेळ झाली होती. गिरदावर खाटेवर बसला, चहा प्याला आणि काकूकडं बघून म्हणाला, "मागल्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, काही न्हाई म्हणून? लेकराची शपथ घेतली होती."

काकू म्हणाली, "मागल्या वेळी वसुलीला आलात वाटलं साहेब. वसुलीला आलेल्याला हाय म्हणून कोण सांगतंय?"

गिरदावर मोठ्यांदा हसला. मग एकदा आप्पांकडं बघितलं. आप्पा खाली मान घालून उभे होते. त्याला सगळं कळलं होतं, मी शपथेवर सांगते. त्यानं माझ्या पोरीला विचारलं, "तुझा बाबा कुठाय गं?" ती म्हणाली, "भिंतीवर." त्यानं पेन काढलं आणि लिहिलं.

जीप वळणाआड गेली आणि गल्लीनं आपापलं उचलायला सुरुवात केली. पोती गेली, मशीन गेलं, बैल तर सुटल्या सुटल्या स्वतःच गेले. मी आनंदात होते, मुलीला घेऊन गरागरा फिरत होते. बघते तर काकू मांडणीवरची भांडी उतरवत होती.

"अहो काकू, ती राहू द्या ना! ती आमचीच!"

काकू थांबली. अव्वाकडं बघितलं. अव्वा हातातल्या पाटल्या काढत होती. सैल झाल्या होत्या, सहज निघाल्या.

"तिचीच हायत आता," अव्वा म्हणाली. "मागल्या चैतात विकली तिला. ती होती म्हणून घेतलं, सोनाराकडं जाऊ दिलं न्हाई."

मला कळेना. "मग त्या दिवशी लपवलं म्हणालीस ते?"

"लपवायला काय होतं गं? आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठून येणार." मग सावकाश सगळं सांगितलं. बैल देवणीला पाहुण्याकडं नव्हते गेले, देवणीच्या बाजारात विकले होते. दोन वर्षं खेड्यांतून माल आला नाही, पण शेतकरी येत राहिले, बियाला, कडब्याला, पोरांच्या पोटाला. ज्यांनी आयुष्यभर आपल्या दुकानी माल उतरवला त्यांना आप्पा नाही कसं म्हणणार? देत गेले. दुकानही आता दुसऱ्याच्या नावावर होतं, आप्पा तिथं नुसते गादीवर बसत. "लेक माहेराला आली, तिला काय सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. गिरदावर आला तवा बरंच झालं म्हटलं, लपवलं म्हणून सांगता येईल."

म्हणजे पहिला कागदच खरा होता. काकूनं लेकराची खरी शपथ घेतली होती. आणि मी भर गल्लीत तिच्या जिभेचं हाड काढलं होतं.

मी काकूच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं मला उठवलं आणि म्हणाली, "ऊठ, घागर उचलू लाग. कंबर गेलीय माझी." आम्ही दोघींनी मिळून भांडी तिच्या घरी नेली. माझ्या आईची भांडी, माझ्या हातानं.

आप्पांना म्हणाले, मी नाही जात, इथंच राहते, काहीतरी काम करते. आप्पा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "गप! दाखला मिळालाय!" आणि खरं सांगू? मी गप बसले. मला जायचं होतं. रिकाम्या घराकडं बघून काळजाला पीळ पडत होता, आणि तरी मला माझा नवरा हवा होता, पोरीला बाप हवा होता. दोन्ही खरं होतं.

मुंबईला आप्पा सोबत आले. ते बाहेर बाकावर बसले, मी आत. तोच साहेब, तीच दुभाषी बाई. साहेबानं दाखला वाचला, काहीतरी विचारलं. बाई म्हणाली, "तिकडे तुमच्या पतीची नोकरी गेली, तर तुमचा आणि मुलीचा भार कोण उचलेल?"

"माझे वडील."

"त्यांची तेवढी ऐपत आहे?"

दाराच्या काचेतून मला बाकावरची पांढरी टोपी दिसत होती. खरं काय ते एका बाजूला, आणि माहेर दुसऱ्या बाजूला. माहेर रिकामं आहे असं कोणत्या बाईच्या तोंडून निघतं?

"हो," मी म्हणाले. "माहेर भरलेलं आहे माझं."

साहेबानं शिक्का मारला. मी रडायला लागले. दुभाषी बाईला वाटलं, आनंदानं.

निघायच्या आधी लातूरला गेले. अव्वानं पुरणपोळी केली होती. एवढी डाळ, एवढा गूळ कुठून आला, ते मी विचारलं नाही. तिनं माझी ओटी भरली आणि विचारलं, "सायबानं काय इचारलं गं तुला?"

"माहेर कसं आहे, विचारलं."

"मग? काय म्हणालीस?"

"भरलेलं आहे म्हणाले."

अव्वानं मग पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, "बरं केलंस बाय," आणि पुरणाचं पातेलं घासून काकूला परत द्यायला गेली.