रिझ्युमेतली दोन वर्षं

प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की पूर्णा स्टेशनसमोरचं ते नेट कॅफे आठवतं. नोकरीसाठी कितीतरी अर्ज केले होते, पण कुठूनच उत्तर नव्हतं. कॅफेवाली ताई माझा रिझ्युमे वाचून म्हणाली, “कंपनीत माणसाच्या आधी कम्प्युटर वाचतो गं, शब्द जुळले नाही की अर्ज बाजूला. जाहिरातीतले शब्द टाक. आन् वडलांच्या आजारपणाची दोन वर्षं कशाला लिवलीस? तिथं एखाद्या दुकानातली डेटा एन्ट्री टाक.” शेजारच्या बाकावर वडील धापा टाकत बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. “टाक की,” ते म्हणाले, “मी काय पळून जायलोय का?” मी टाकलं. आठवड्यात बोलावणं आलं, आणि मुलाखतीतही मी तेच ठासून सांगितलं. नोकरी लागली. वडील आता नाहीत. त्यांच्या उशाशी काढलेल्या त्या दोन वर्षांत, कंपनीच्या कागदांवर, मी कुठल्याशा दुकानात टायपिंग करत होते.