आपाच्या वर्गातले चिंचोके

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी म्हणालं "असं करायचं नसतं", की माझ्या तोंडून आधी "का?" निघतं. या एका अक्षरापायी मी घरी धपाटे खाल्लेत आणि लग्नाच्या बैठकीत दोन स्थळं घालवलीत. आता नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पोरांनी सारखं "का, का" केलं की माझंच डोकं फिरतं, पण ते सोडा.

दिवस गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, आणि घरात 'असं करायचं नसतं'चा पूर आला. पपई खायची नाही. ग्रहणात चिरायचं नाही. तीन महिने कुणाला सांगायचं नाही. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. बाई मनाची चांगली, पण तिच्याकडं कारण एकच, "नसतं करायचं, बास!" बरं, डॉक्टरीणबाईंना विचारावं तर बाहेर चाळीस बायका बसलेल्या. माझा तिसरा प्रश्न सुरू व्हायच्या आत कंपाउंडर पुढचा नंबर पुकारायचा. माझ्या पोटात नेमकं चाललंय काय, हे मला कुणीच धड सांगत नव्हतं, आणि मला तर त्याचं भयंकर कुतूहल. शेवटी ठरवलं, गरोदर बायकांचे वर्ग असतात म्हणे, तिथं जाऊ.

पहिला वर्ग आत्यांनी शोधला. शेजारणीची सून जायची तिथं. गारेगार एसी हॉल, मंद बासरी, आणि भिंतभर लेकरांचे फोटो. सगळी गोरीगोमटी, गुबगुबीत. नांदेडच्या उन्हात असली लेकरं राहतात कुठं, मला तर कधी दिसली नाहीत. तिथल्या मॅडम म्हणाल्या, रोज पोटाशी बोला, चांगले विचार करा, बाळ तेजस्वी होईल. मी विचारलं, "आणि कळा सुरू झाल्या हे कळणार कसं?" मॅडम गोड हसून म्हणाल्या, "नकारात्मक प्रश्न नकोत." झालं! माझं तिथलं बस्तान उठलं.

दुसरा वर्ग मोबाइलवरचा. पुण्याच्या बाई चांगलं शिकवायच्या, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गल्लीचं नेटवर्क असं, की त्या "आता श्वास आत घ्या" म्हणायच्या आणि चित्र तिथंच अडकायचं. मी आपली श्वास धरून बसलेली. नवरा म्हणाला, "अगं सोड, मरशील!"

तिसरा वर्ग मला शाळेतल्या शिपाईणबाईनं सांगितला. जुन्या नांदेडात, गोदावरीच्या अंगाला, एक निवृत्त नर्स आपल्या घरी मंगळवार-शुक्रवार दुपारी बायकांना बसवते. सगळ्या तिला आपा म्हणतात. आत्यांचं तोंड वाकडं झालं. "त्या गल्लीत? आणि घरात? सर्टिफिकेट तरी देते का?" मी म्हटलं, बघून तर येते.

आपा साठीच्या पुढची, बारीक अंगाची, चष्मा दोरीनं गळ्यात. अंगणात सतरंजी, त्यावर आठ-दहा जणी. कुणाला पाचवा, कुणाला आठवा. कुणी बुरख्यात, कुणी नऊवारीतल्या सासूसोबत. मी बसल्या बसल्या विचारलं, "आपा, बाळ पोटात श्वास घेतं का?" माझी परीक्षाच होती ती. आपानं चष्मा चढवला. "घेत न्हाई बेटा, पण तालीम करतं. हवा नसते, तरी छाती हालवतं. पुढं कामाला येईल म्हणून." मग वारेचं, नाळेचं, सगळं सतरंजीवर एक उशी आणि ओढणी घेऊन दाखवलं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच ठरवून टाकलं. ही बाई प्रश्नाला भीत नव्हती.

तिथं शिकले ते एकेक सांगत बसत नाही. कळ येते तशी ओसरते, मधल्या वेळात बाईनं विसावा घ्यायचा, आरडून ताकद घालवायची नाही, हे तिथंच कळलं. एका रविवारी आपानं नवऱ्यांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या पोटाला ओढणीनं पाच किलो ज्वारी बांधून घर झाडायला लावलं. आमचा गडी रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर. अर्धं अंगण झाडून झालं नाही तोच "आई गं" म्हणून कंबर धरून बसला. त्या दिवसापासून घरी पाण्याचा हंडा मला उचलू दिला नाही त्यानं.

पण आपाचा खरा धडा चिंचोक्यांचा. सातवा सरला की ती प्रत्येकीला दहा चिंचोके आणि दोन वाट्या घ्यायला सांगायची. रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, हात पोटावर. लेकरू हाललं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. "रोज किती वेळात दहा होतात ते तुझं तुला कळेल. ज्या दिवशी तुला वाटलं, आज कमी हाय, त्या दिवशी दवाखाना. उद्या न्हाई. सांजच्याला न्हाई. तवाच्या तवा."

घरी आत्यांनी त्या वाट्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, मोजू नये! ताटातली भाकर मोजत न्हाईत आपण, आणि तू पोटातलं लेकरू मोजून राहिली? दृष्ट लागते."

"कुणाची दृष्ट? माझीच?"

"आईचीच लागते आधी," आत्या म्हणाल्या. कप्पाळ! मी वाट्या आमच्या खोलीत नेल्या.

आता आपाची एक अट होती. बाळंतपणाला जी बाई तुझ्याजवळ राहणार, तिला दोन वेळा तरी वर्गाला आण. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझं लातूरला. माझी आई, आम्ही तिला माय म्हणतो, डोहाळजेवणाला आली होती आणि मला घेऊनच जाणार होती. माय कमी बोलणारी. चार यत्ता शिकलेली, वडील डाळमिलवर, सगळा जन्म एका गल्लीत काढलेली. मी म्हटलं, "चल वर्गाला." ती म्हणाली, "मी? या वयात मी काय शिकू, बाई?" पण आली.

आपानं वहीत लिहायला विचारलं, "ताई, तुम्हाला लेकरं किती?"

"दोन," माय म्हणाली. मी आणि माझा धाकटा भाऊ.

त्या दिवशी विषय नवव्या महिन्याचा होता. आपा म्हणाली, नवव्यात जागा कमी पडते, म्हणून लाथेऐवजी वळवळ जाणवेल, पण लेकरू हालायचं थांबत नाही. तेवढ्यात माझ्या बाजूनं आवाज आला. मायचा! "न्हाई वो. नववा लागला की लेकरू गप होतं. खाली उतरतंय, मग निवांत पडून राहतं."

"कोण म्हणालं असं?" आपानं विचारलं.

"माझ्या सासूबाई."

आपानं चष्मा काढला. "तुमचं झालं होतं का गप?"

माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग सतरंजीकडं बघत म्हणाली, "झालं होतं. दोन दिस. मी म्हणले सासूबाईला, हालंना झालंय. त्या म्हणल्या, निजलंय, उगं बोभाटा करू नगंस. तिसऱ्या दिशी नेलं दवाखान्यात." माझ्याकडं बोट करून, "पोरगी होती. हिच्या आधीची."

मी एकतीस वर्षांची, आणि मला एक बहीण होती हे मी दहा परक्या बायकांसोबत ऐकत होते. आपानं उठून मायचा हात धरला. मला मात्र राग आला. वाईट वाटायच्या आधी राग, माझा स्वभावच तसा. परतताना ऑटोत बसल्या बसल्या मी तिच्यावर उखडले, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तिचं नाव न्हाई, बारसं न्हाई. गेलेलं लेकरू मोजत न्हाईत, बाई."

"का?"

मायनं माझ्याकडं बघितलं. "सगळ्याच गोष्टीला का नसतंय," ती म्हणाली आणि रस्ताभर बाहेर बघत बसली. मी रडले, पण घर आल्यावर, न्हाणीत जाऊन.

लातूरला गेल्यावर मात्र अजबच झालं. दुपारची भांडी आवरली की माय आपणहून दोन वाट्या घेऊन यायची. मी कुशीवर पडायची, ती माझ्या पोटावर हात ठेवून बसायची. चिंचोके ती टाकायची. मी म्हणायची, "ही ढेकर होती, ही मोजू नको." ती म्हणायची, "गप, मला कळतंय." कधी पोट एका बाजूला टरारून यायचं तर ती कुतूहलानं विचारायची, "हे ढोपर का गं? का टाच?" तिनं पहिल्यांदाच मला 'का' विचारला होता, तोही असला! आम्ही दोघी हसायचो. दोनच्या ठोक्याला बसलो की भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा चारावर यायच्या आत, म्हणजे वीस मिनिटांत, दहा व्हायचे. एवढं तिनं ध्यानात ठेवलं होतं.

नववा लागून बारा-तेरा दिवस झाले होते. त्या दुपारी मला झोप येत होती. शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी जरा जास्तच झाली होती, अंग जड. माय वाट्या घेऊन बसली. काटा चारावर आला, सहावर आला. मी डोळे मिटूनच म्हणाले, "आज शांत आहे. निजलंय बहुतेक. गुळाचं पाणी घेते, संध्याकाळी परत मोजू."

विज्ञान शिकवणारी मी. अख्ख्या जगाला 'का' विचारणारी. आणि माझ्याच तोंडून आजीचं वाक्य निघालं, जसंच्या तसं. मला ते कळलंही नाही.

मायला कळलं. वाटी तिनं माझ्या नाकापुढं धरली. "तीनच हायत."

"अगं माय, होतं असं कधी—"

"उठ."

"थांब ना, अर्धा तास बघू."

"उठ म्हणते न्हवं!" माझी माय, जी आयुष्यात कुणावर ओरडली नाही, ती गल्लीत जाऊन शेजाऱ्याच्या नावानं ओरडली, "रिक्षा काढ रे, आत्ताच्या आत्ता काढ!" तिच्या पायात चपला नव्हत्या. मुठीत चिंचोके तसेच.

दवाखान्यात पोटाला पट्टे बांधून ठोके ऐकले. ठोके होते, पण मध्येच दबायचे, मग सावकाश वर यायचे. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही, लगेच सिझर करू. मी सही केली. खरं सांगते, मी खूप भ्याले. आपानं शिकवलेला श्वास तेवढा आठवला, तोच घेत राहिले, आणि पडद्यापलीकडं रडण्याचा आवाज येईस्तोवर तो ताल सोडला नाही. मुलगी. अडीच किलोला जरा कमी. डॉक्टर मायला म्हणाले, "आजी, वेळेत आणलंत. सकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आलं नसतं."

नंतर मला वाटलं होतं ती खूश असेल. होतीही. पण लेकीला न्हाऊ घालताना तिचा हात मध्येच थांबायचा. मी विचारत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न गिळला मी, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं.

सव्वा महिना झाल्यावर ती मला नांदेडला सोडायला आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार. म्हणाली, "आपाकडं जाऊ." आत्या कधी नव्हे ते म्हणाल्या, "जा, आणि माझा नमस्कार सांगा." आपानं लेक मांडीवर घेतली, उलटी-पालटी करून बघितली, माशाअल्ला म्हणाली. सतरंजीवर नव्या बायका होत्या.

मायनं बसल्या बसल्या विचारलं, "आपा, खरं सांगा. मी तवा पयल्याच दिशी गेले असते, तर?"

आपा म्हणाली, "मी खोटं बोलनार न्हाई ताई. वाचली असती शायद. शायद न्हाई. पण तुम्ही सांगितलं होतं की. तुमचं कुणी ऐकलं न्हाई. तो कसूर तुमचा न्हाई."

मायचे डोळे भरले. पदरानं पुसले तिनं, आणि म्हणाली, "हाव. मी सांगितलं होतं."

तिच्या शेजारी एक कोवळी पोर बसली होती, सातवा असेल, किनवटकडची. तिला आमचं काही कळलं नव्हतं. बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला लेकरं किती?"

मी मायकडं बघितलं.

"तीन," माय म्हणाली. तिनं त्या पोरीच्या वाटीत दहा चिंचोके मोजून टाकले. "थोरली पोटातच गेली. लई हालायची गं."